रमाईनगरच्या सत्तावीस नोंदी

आधारभाऊंना नावावरून कोणी चिडवलं की त्यांचं एकच उत्तर असतं: "कार्ड नंतर निघालं, मी आधीचा." वय त्रेपन्न, गाव पहूर, आडनाव सुरवाडे. अठ्ठावीस वर्षं केबलच्या खांबांवर चढून-उतरून डावा गुडघा कामातून गेलेला, पण मान सरळ. ही सरळ मान आमच्या ऑफिसात पुष्कळांना खुपते. पाठीमागे त्यांना 'ताठे' म्हणतात. मी त्यांच्यासोबत नऊ वर्षं काम करतेय आणि त्यातली आठ वर्षं मीही ताठेच म्हणत होते, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी मोहिनी नारखेडे, असोद्याची. जळगावात एका केबल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये तक्रारींच्या टेबलावर बसते. सकाळच्या बसने यायचं, दिवसभर लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकायच्या आणि संध्याकाळच्या बसने घरी जायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, केबल म्हणजे ऑफिसातून घरात येणारी वायर. टीव्हीपुरतं ते खरं होतं. इंटरनेट आल्यापासून त्याच वायरीतून घराकडून ऑफिसाकडेही सिग्नल येतो, आणि सगळी डोकेदुखी या परतीच्या सिग्नलची आहे. तीनशे घरांच्या परतीच्या वाटा एका डब्यात येऊन मिळतात. त्यातल्या एका घरात जोड सैल असला किंवा कापलेल्या वायरीचं टोक उघडं राहिलं, की तिथून मोटारीचा, मिक्सरचा, वेल्डिंगचा असा बाहेरचा सगळा खरखराट आत शिरतो आणि तीनशे घरांचं नेट बसतं. कोणाच्या घरातून शिरला हे काही स्क्रीनवर लिहून येत नाही. तळाशी आडवी पडलेली हिरवी रेघ उठून नाचायला लागते, एवढंच दिसतं.

या खरखराटाला आमच्या धंद्यात 'कचरा' म्हणतात. जळगाव असो की धुळे, शब्द तोच. आणि त्या डब्याला म्हणतात नोड, त्यातून एकेका भागाकडे फुटणाऱ्या लाइनला फांदी. नोडला नाव द्यायची पद्धत सोपी आहे. डबा ज्या भागात लटकतो, त्या भागाचं नाव डब्याला.

मेहरूणच्या बाजूला आमचा एक नोड आहे. त्यावर तीनशे दहा कनेक्शनं, त्यातली दोनशेच्या आसपास चंदनबन कॉलनीच्या बंगल्यांत, काही रस्त्यावरच्या दुकानांत आणि फक्त बासष्ट रमाईनगरात. रमाईनगर ही बौद्ध वस्ती, कोपऱ्यावर विहार, आधारभाऊंचं घर त्याच गल्लीत. डबा खरं तर चंदनबनमध्येच लागायचा होता. पण कॉलनीतल्या लोकांनी हरकत घेतली. डबा दिसायला वाईट दिसतो, दिवा लुकलुकतो, आमच्या दारात नको. मग तो रमाईनगरच्या तोंडाशी असलेल्या खांबावर टांगला. तिथे कोणी विचारलं नाही आणि कोणी हरकतही घेतली नाही. म्हणून त्याचं नाव रमाईनगर नोड.

आता या दोन पद्धती एकत्र करून बघा. नोडमध्ये खरखराट आला की मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची: "रमाईनगरचा कचरा परत सुरू." सगळे लाइनमन वाचायचे, आधारभाऊ पण वाचायचे. चंदनबनमधून फोन यायचे, "त्या वस्तीतला कचरा आम्ही का म्हणून सोसायचा?" मी म्हणायची, "हो सर, बघतो सर." मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कामाचा शब्द, कामाचं नाव. खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता, आणि न करण्यात माझी सोय होती.

यंदा मकरसंक्रांतीनंतर हा त्रास रोजचा झाला. सकाळी साडेदहाला रेघ उठायची आणि सहाच्या सुमाराला खाली बसायची. फोन फार वाढले त्या दिवशीच मी नोंद करायची, तरी दोन महिन्यांत सत्तावीस तक्रारी नोंदवल्या. प्रत्येकीत दोषाचं ठिकाण: रमाईनगर. लाइनमन जायचे, वस्तीतले चार जोड आवळून यायचे, संध्याकाळ व्हायची, रेघ आपोआप बसायची आणि मी लिहायची, 'दोष दूर केला'. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मार्चमध्ये एका बुधवारी आमचे नेटवर्कचे साहेब योगराज सर वैतागले. तिशीतला माणूस, इंजिनिअर, मनाने वाईट नाही, पण हेड ऑफिसच्या फोनला फार घाबरतो. त्यांनी हिशेब जुळवला होता. वस्तीत एक ग्रिल वेल्डिंगचं दुकान आहे, ते सकाळी उघडतं, संध्याकाळी बंद होतं. म्हणजे कचरा तिथलाच. त्यांनी दुपारी तीनला आधारभाऊंना बोलावलं आणि टेबलावर बोटभर लांबीचा एक फिल्टर ठेवला. हा फिल्टर लावला की टीव्ही चालू राहतो, पण परतीचा सिग्नल अडतो. म्हणजे बासष्ट घरांचं नेट बंद.

"पाचच्या आत रमाईनगरच्या लाइनवर लावून टाका," सर म्हणाले. "दुकानाचं काय ते नंतर बघू."

आधारभाऊंची मुलगी प्रज्ञा घरी बसून पुण्याच्या एका हॉस्पिटलचे रिपोर्ट टाइप करते. काम मधेच तुटतं म्हणून तिला दोन ताकिदी मिळालेल्या, तिसऱ्या ताकिदीला नोकरी संपणार होती. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. मला वाटलं, आता ते मुलीचं सांगतील, हात जोडतील.

त्यांनी फिल्टर उचलला, उलटसुलट करून बघितला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला.

"मी लावत नही."

"तुमची वस्ती आहे म्हणून?"

"वस्ती माही हाये, तिथं लपवायचं काय. पन सर, दोन महिन्यांत कोनी मोजलं का, खरखराट कोन्या फांदीतून येते? न मोजता मी कोनाचीच लाइन तोडत नही. चंदनबनची बी तोडली नसती."

"मीटर दुरुस्तीला गेलाय, तुम्हाला माहितीये. आणि हा आदेश आहे."

"मंग तुम्ही चढा खांबावर. शिडी मी धरतो."

केबिनचं दार उघडं होतं. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. सर लाल झाले. म्हणाले, धुळ्याला पाठवीन.

"पाठवा. धुळ्याचे खांब मले ओळखतात."

हे मात्र खरं होतं. बारा वर्षांपूर्वी त्यांच्यासोबतचा एक लाइनमन खांबावरून पडला, तेव्हा कमरेचा पट्टा दिल्याशिवाय चढणार नाही असं म्हणून हे खाली बसले होते. पट्टे आले, आणि पट्ट्यांसोबत यांची धुळ्याला बदलीही आली. दोन वर्षं तिथे काढली. तिथे झुलालनाना नावाचे एक म्हातारे लाइनमन होते, अस्सल अहिराणी. आधारभाऊ अजून त्यांची नक्कल करतात: "भाऊ, बठ्ठा घरेसना आवाज एकच तारमा येस. कोना आवाज शे, हाई कान लाईसनी ऐकनं पडस." म्हणजे सगळ्या घरांचा आवाज एकाच तारेत येतो, कोणाचा आहे ते कान लावून ऐकावं लागतं. झुलालनाना खिशात छोटा ट्रान्झिस्टर ठेवायचे. स्टेशन लागत नाही अशा रिकाम्या जागी काटा आणायचा आणि खांबाखांबाखालून फिरायचं. जिथे खरखराट वाढेल तिथे दोष. मीटर नसेल तेव्हा हेच मीटर. नाना गेले तेव्हा त्यांच्या मुलाने तो ट्रान्झिस्टर आधारभाऊंना देऊन टाकला.

"पाचपर्यंत वेळ हाये ना," ते सरांना म्हणाले. "पाचला मी सांगतो फिल्टर कुठं लावायचा. माहा अंदाज चुकला तर राजीनामा घ्या."

असं बोलायची काय गरज होती, असं मला तेव्हा वाटलं. पन्नाशी उलटलेला माणूस, घरी मुलीची नोकरी टांगणीला आणि हा स्वतःचीही डावावर लावतोय. राग आला मला त्यांचा.

साडेतीनला त्यांचा फोन आला. "जय भीम, मोहिनीताई. स्क्रीन समोर हाये ना? मी डब्याजवळ हाये. एकेका फांदीत पॅड टाकतो. रेघेवर नजर ठेवा."

पॅड म्हणजे परतीचा सिग्नल थोडासा दाबणारा तुकडा. नेट तुटत नाही, पण ज्या फांदीतून खरखराट येत असेल ती दाबली की रेघ खाली येते. पहिला पॅड त्यांनी रमाईनगरच्या फांदीत टाकला.

"काही फरक नाही," मी म्हटलं.

"बरोब्बर बघा. वस्ती माही हाये म्हनून मी सोपं करू राहिलो असं कोनी म्हनायले नको."

मी पुन्हा बघितलं. रेघ जराही हलली नव्हती. दुसरा पॅड दुकानांच्या फांदीत. नाही. तिसरा चंदनबनच्या फांदीत. हिरवी रेघ दोन बोटं खाली बसली.

मी हे मोठ्याने बोलले. मागे योगराज सर येऊन उभे होते, हे मला उशिरा कळलं.

मग आधारभाऊ ट्रान्झिस्टर घेऊन कॉलनीत शिरले. फोन चालूच होता. मला त्यांची पावलं ऐकू येत होती, गुडघ्यामुळे एक जड, एक हलकं. बऱ्याच वेळाने ते थांबले आणि म्हणाले, "ताई, हे ऐका. हे वेल्डिंग नही." त्यांनी ट्रान्झिस्टर फोनजवळ धरला.

टक्. मग साधारण एक आकडा मोजण्याइतका वेळ. टक्. पुन्हा तितकाच वेळ. टक्.

मी शेतकऱ्याची पोर आहे. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. आमच्या केळीच्या बागेत रानडुकरं घुसतात म्हणून आबांनी बांधाला विजेचा झटका देणारी तार लावली आहे. मशीन चालू झालं की शेतातल्या खोलीतल्या रेडिओत गाण्याच्या मधेमधे हीच टकटक येते आणि आबा रेडिओला शिव्या देतात.

"आधारभाऊ, ही झटका मशीन आहे," मी म्हटलं. "डुकरांसाठी लावतात ती."

"इथं कुठली डुकरं," ते म्हणाले. पुन्हा तीच जड-हलकी पावलं. मग अगदी शांत आवाजात, "भिंतीवर तार दिसली."

बंगला हितेंद्रशेठचा होता. हितेंद्रशेठ म्हणजे आमच्याच कंपनीतले भागीदार. संक्रांतीच्या सुमाराला कॉलनीत चोरी झाली, तेव्हा त्यांनी कुंपणाच्या भिंतीवर झटक्याची तार ओढून घेतली होती. सकाळी साडेदहाला घरातले सगळे दुकानावर जातात, तेव्हा मशीन चालू, सहाला परत आले की बंद. पण नुसत्या मशीनने एवढं झालं नसतं. शेठनी घरात आमचं केबल नेट कधीच बंद करून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं होतं, ऑफिसात कोणाला न सांगता. आमची काळी वायर खांबावरून त्यांच्या भिंतीपर्यंत तशीच लोंबत राहिली होती, टोक कापलेलं, उघडं. झटका मशीन बसवणाऱ्याला तार बांधायला दोरी हवी होती. त्याने ती वायर घेतली आणि तिनेच झटक्याची तार भिंतीच्या अँगलला करकचून बांधली.

आधारभाऊंनी खांबावर चढून त्या वायरीचा जोड पान्याने उलटा फिरवला आणि वायर सोडवली. माझ्यासमोर हिरवी रेघ खाली येऊन आडवी झाली. पाचला दहा मिनिटं बाकी होती. कोणाचंही नेट तुटलं नाही. फिल्टर योगराज सरांच्या टेबलावर तसाच राहिला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. प्रज्ञाचं काम वाचलं, आधारभाऊंचा राजीनामा वाचला. पण सरांनी केबिनमधून शेठना फोन केला, दहा मिनिटं "हो शेठ, हो शेठ" झालं आणि बाहेर येऊन ते मला म्हणाले, "शेठ म्हणतात, काढून टाका वायर, पण बोभाटा नको. तक्रार बंद करून टाक. लिही, रमाईनगर, सैल जोड, दुरुस्त."

मी लिहिलं. हो, लिहिलं. इतकं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही माझी बोटं सवयीने चालली.

आमच्याकडे तक्रार बंद व्हायला लाइनमनने त्याच्या मोबाईलवर 'काम पूर्ण' दाबावं लागतं. तोवर ती मोठ्या स्क्रीनवर लाल राहते. आधारभाऊंनी मोबाईल बघितला, मी काय लिहिलं ते वाचलं आणि मोबाईल खिशात टाकला.

"काम पूर्ण झालं नही," ते म्हणाले.

"झालंय की, रेघ बसली," सर म्हणाले.

"रेघ बसली. नाव तसंच हाये."

सरांनी समजावलं, मग दरडावलं. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. म्हणाले, सगळ्या नोडची नावंच काढून टाकू, नंबर देऊ. नोड सतरा, नोड अठरा. कोणाला वाईट वाटायला नको.

आधारभाऊ हसले. नऊ वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. "सहा वर्षं नाव चाललं. दोष बंगल्यातून निघाला त्याच दिवशी तुम्हाले नंबर आठवले व्हय. द्या नंबर. चांगली गोष्ट हाये. पन आधी या सत्तावीस नोंदी दुरुस्त करा. त्याच्याबिगर मी बटन दाबत नही."

लाल ओळ राहिली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. ऑफिसात त्यांच्याशी बोलणं बंद झालं. चहा आला की त्यांच्यापर्यंत पोचायचा नाही, हे मी बघत होते आणि माझा चहा पीत होते. धुळ्याच्या बदलीचं पत्र तयार आहे अशी कुजबुज होती. ते रोज वेळेवर यायचे, दिलेलं काम करायचे, संध्याकाळी मोठ्या स्क्रीनसमोर क्षणभर उभे राहून ती लाल ओळ बघायचे आणि घरी जायचे.

सोमवारी हेड ऑफिसचा फोन आला. पाच दिवस एक तक्रार उघडी का आहे, असं कोणी बाई विचारत होत्या. योगराज सर केबिनच्या काचेतून मला खुणा करत होते, गुंडाळ म्हणून. मी नेहमीच्या आवाजात "बघतो मॅडम" म्हणायला तोंड उघडलं आणि मला माझाच आवाज किळसवाणा वाटला.

मी सांगितलं. डबा कोणाच्या हरकतीमुळे कुठे लागला, नाव कसं पडलं, कचरा कोणाच्या बंगल्यातून येत होता, तो बंगला आमच्याच भागीदारांचा आहे, त्यांच्या घरात नेट दुसऱ्या कंपनीचं आहे, आणि मला काय लिहायला सांगितलं आणि मी काय लिहिलं. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "तुमचं नाव?" मी पूर्ण नाव सांगितलं.

मंगळवारी बदलीचं पत्र निघालं नाही. त्याऐवजी वरून आदेश आला: नोंदी दुरुस्त करा. योगराज सरांनी माझ्याकडे न बघता तो माझ्या टेबलावर ठेवला.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये एकदा केलेली नोंद पुसता येत नाही, तिच्याखाली शेरा जोडता येतो. मी पहिली नोंद उघडली आणि शेरा लिहिला: "हा दोष रमाईनगरचा नव्हता. नोंद चुकीची झाली." मग आधारभाऊंना बोलावलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचू लागले. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. नोकरी पणाला लावून मी फोनवर बोलले होते, त्यामुळे दोन गोड शब्दांवर माझा हक्क आहे, असं मला वाटत होतं.

"'झाली' नका लिहू," ते म्हणाले.

"मग?"

"नोंद आपोआप होत नही, ताई. कोनीतरी करते. ही कोनी केली?"

आवाजात राग नव्हता. त्यांना उत्तर पाहिजे होतं, आणि ते मिळेपर्यंत ते तिथून हलणार नव्हते. मला सगळे चेहरे आठवले. सर, शेठ, कॉलनीतले फोन करणारे. सगळ्यांची नावं जिभेवर आली. पण नोंदी टाइप करणारे हात त्यांच्यापैकी कोणाचेच नव्हते.

"मी केली," मी म्हटलं.

"मंग तसं लिहा."

मी 'झाली' पुसलं. "हा दोष रमाईनगरचा नव्हता. चुकीची नोंद मी केली. मोहिनी नारखेडे." एकदा लिहून पुढच्या सव्वीस ठिकाणी चिकटवता आलं असतं, पण त्यांनी शेजारची खुर्ची ओढली होती आणि दुखरा गुडघा लांब करून ते बसले होते, म्हणून मी प्रत्येक वेळी नव्याने टाइप केलं. सुरुवातीला लाज वाटली. दहाव्या-बाराव्या नोंदीला राग आला, त्यांचा आणि माझा. विसाव्या नोंदीनंतर राग ओसरला आणि नुसतं खरं लिहिणं उरलं. सत्तावीस झाल्यावर त्यांनी शेवटची नोंद पुन्हा एकदा नीट वाचली, खिशातून मोबाईल काढला आणि 'काम पूर्ण' दाबलं.